लेखकाचे जीवनदर्शन आणि त्याची पात्रे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात अवसरी बुद्रुक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हा आनंदाचा योग आहे. अशा योगावर सत्कार होतात, स्मरणिका निघते, जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली जातात. त्यांच्या जोडीला आपण साहित्यावरील एक व्याख्यान ठेवलेत, याबद्दल संयोजकांचे मी मनापासून अभिनंदन करतो. विषय दिला आहे तो असा : लेखकाची स्वतःची जी जीवनदृष्टी असते, ती त्याच्या पात्रांना आणि विचारांना कसा आकार देते? प्रथमदर्शनी हा विषय महाविद्यालयाच्या वर्गातला वाटेल. परंतु जी माणसे मुलांना गोष्टी सांगतात, पूर्वजांच्या आठवणी पुढच्या पिढीकडे देतात, त्या सर्वांचा हा विषय आहे. गोष्ट सांगणारा प्रत्येक जण कळत-नकळत आपले तत्त्वज्ञान सांगत असतो.

तत्त्वज्ञान हा शब्द थोडा जड आहे. आपल्या परंपरेत त्याला ‘दर्शन’ असा सुंदर शब्द आहे. दर्शन म्हणजे पाहणे. जग कसे दिसते, यावरून माणसे कशी दिसणार हे ठरते. कथा लिहिणाऱ्याला काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. माणसाच्या वाट्याला दुःख का येते? वाईट वागलेला माणूस सुधारू शकतो का? केलेल्या कर्माचे फळ कोणी भोगावयाचे? लेखक ही उत्तरे निबंधासारखी लिहून देत नाही. अमुक पात्र कोणत्या क्षणी काय करते आणि त्याचा शेवट काय होतो, यातून ती उत्तरे वाचकाला मिळतात.

एक भाषा, अनेक दर्शने

आपल्या परिसरापासूनच आरंभ करू. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. त्यात राणी नागनिकेच्या काळातील वैदिक यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद आहे. जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या भिंतींवर दात्यांचे लेख कोरलेले आहेत आणि त्या दात्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची एक श्रेणीही आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा एक प्राचीन लेख आहे. वैदिक, बौद्ध आणि जैन अशा या तीनही ठिकाणची भाषा एकच आहे, ती म्हणजे प्राकृत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृतलाही तो मिळाला. लेक आणि आजी यांचा एकाच मांडवात सत्कार व्हावा, तसा तो योग होता.

एकाच भाषेत तीन दर्शने नांदली. आता एकच कथा वेगळ्या दर्शनातून सांगितली तर काय घडते, ते पाहू. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातच आहे. ते म्हणजे विमलसूरींचे ‘पउमचरिय’. जैन परंपरेतील उपलब्ध रामकथांमध्ये हे काव्य अत्यंत प्राचीन मानले जाते. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. हर्मन याकोबी या जर्मन पंडितांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९१४ मध्ये भावनगरहून प्रसिद्ध झाली. यात रामाचे नाव पद्म, म्हणजेच प्राकृतात ‘पउम’, असे आहे.

या काव्याच्या आरंभी मगधाचा राजा श्रेणिक याच्या मनात शंका येतात. कुंभकर्ण सहा महिने झोपेल कसा? रावणासारख्या पराक्रमी पुरुषाला वानर कसे हरवतील? तो आपल्या शंका घेऊन गौतम गणधरांकडे जातो आणि गणधर त्याला कथा सांगतात. कथेचा उगमच शंकेतून झाला आहे, हे लक्षात घ्यावे. ज्या दर्शनात विवेकाला मान आहे, त्या दर्शनातला श्रोताही असाच विचारणारा असतो. मग या कथेत राक्षस आणि वानर हे विद्याधरांचे वंश ठरतात. वानरवंशाच्या ध्वजावर वानराचे चिन्ह असते, म्हणून ते नाव. रावणाला दहा तोंडे नसतात. बालपणी त्याने गळ्यात घातलेल्या हारातील नऊ रत्नांत त्याच्या मुखाची प्रतिबिंबे पडली, म्हणून तो दशमुख.

येथपर्यंत बदल बाह्य आहेत. खरे परिवर्तन पात्रांच्या अंतरंगात झाले आहे. वाल्मीकींच्या कथेत वाली रामाच्या बाणाने मरतो. विमलसूरींचा वाली राज्य सुग्रीवाकडे सोपवून दीक्षा घेतो. वाल्मीकींच्या कथेत रावणाचा वध राम करतो. येथे तो लक्ष्मणाच्या हातून होतो. का? जैन परंपरेतील त्रेसष्ट शलाकापुरुषांत राम हे बलदेव, लक्ष्मण हे वासुदेव आणि रावण हा प्रतिवासुदेव आहे. राम याच जन्मी मोक्षाला जाणार आहेत आणि अशा जिवाच्या हातून हा वध घडणे या दर्शनात बसत नाही. म्हणून शस्त्र लक्ष्मणाच्या हाती जाते, आणि त्या कर्माचे फळही लक्ष्मणालाच भोगावे लागते. कथानायकाचा लाडका भाऊ नरकात जातो, असे लिहिण्यास कवीला धैर्य लागते. विमलसूरींनी ते दाखविले, कारण त्यांच्या दर्शनात कर्म कोणाचे नाते पाहत नाही.

आणि रावण? इच्छा नसलेल्या स्त्रीला स्पर्श करणार नाही, असे व्रत त्याने केवलींसमोर घेतले आहे, आणि सीतेला लंकेत आणल्यावरही तो ते मोडत नाही. शेवटी त्याचे मन पालटते. सीतेला परत पाठवावे असे त्याला वाटू लागते. परंतु आता ती परत दिली तर लोक आपल्याला भित्रा म्हणतील, या विचाराने तो अडतो. आधी युद्धात राम-लक्ष्मणांना जिंकीन आणि मग सन्मानाने सीतेला परत देईन, असे तो ठरवतो, आणि त्या युद्धातच त्याचा अंत होतो. मित्रहो, हा रावण आपल्या फार जवळचा आहे. ज्या वासनेपायी त्याने सीतेला आणले, ती ओसरली होती. मान मात्र सुटला नाही. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतील ‘मान’ म्हणजे काय, हे एखाद्या पोथीतील व्याख्येपेक्षा या एका प्रसंगातून अधिक कळते. भावाभावांतील बांधाच्या भांडणातही चूक कळलेली असते. माघार घेण्याचा अपमान तेवढा सोसवत नाही. पुढे जन्मांतरी हाच रावण तीर्थंकर होणार आहे, असेही हे काव्य सांगते. कोणताही जीव कायमचा दुष्ट नसतो, ही श्रद्धा असल्याशिवाय असा रावण लिहिता आला नसता.

मी येथे वाल्मीकी थोर की विमलसूरी थोर, असा निवाडा करीत नाही. दोघांनी जगाकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिले आणि म्हणून त्यांना माणसे वेगळी दिसली, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

ययाती : भोगाची एक कथा, अनेक उत्तरे

आता आधुनिक काळाकडे वळू. महाभारतातील ययाती राजाची कथा आपणांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य येते. तो आपल्या पुत्रांकडे त्यांचे तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. विसाव्या शतकात ही कथा अनेकांनी हाती घेतली. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, तो मराठीचा पहिला ज्ञानपीठ. गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ चे, तर वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे.

खांडेकरांनी आयुष्याची अनेक वर्षे शिरोड्यासारख्या कोकणातील गावी शिक्षक म्हणून काढली. गांधीयुगाचे संस्कार त्यांच्यावर होते. कला जीवनासाठी असते, असे ते मानीत आणि त्या मतासाठी ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद गाजला. अशा लेखकाला ययातीमध्ये केवळ पुराणातला राजा दिसला नाही. वस्तूंच्या आणि सुखांच्या मागे धावणारा, जितके मिळेल तितका अधिक अतृप्त होणारा आजचा माणूस त्यांना दिसला. म्हणून त्यांनी एक मोठा बदल केला. महाभारतात देवयानीच्या प्रकरणानंतर कच कथेतून निघून जातो. खांडेकर त्याला परत आणतात आणि ययातीसमोर संयमाची मूर्ती म्हणून उभा करतात.

ययाती भोगी आणि कच संयमी, एवढीच मांडणी असती, तर ती कीर्तनातील दृष्टांतासारखी साधी झाली असती. खांडेकरांनी तिसराही माणूस उभा केला, ययातीचा थोरला भाऊ यती. महाभारतात त्याचा उल्लेख ओझरता आहे. कादंबरीतला यती देहाचा द्वेष करतो, स्त्रीचा तिरस्कार करतो, आणि त्या द्वेषापायी त्याचे मन ढासळते. ययाती आसक्तीत बुडाला, यती तिरस्कारात बुडाला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर एक रागाने बांधला गेला आणि दुसरा द्वेषाने. वीतराग हा शब्द उच्चारताना आपण बहुधा आसक्तीचाच विचार करतो. परंतु द्वेषही तितकाच बंधनकारक आहे आणि त्यागाच्या वस्त्रातही तो लपून बसू शकतो, हे खांडेकरांच्या यतीने दाखवून दिले. खांडेकर जैन नव्हते. तरीही त्यांच्या जीवनदृष्टीला जे सत्य गवसले, ते आपल्याला ओळखीचे वाटते.

कर्नाडांचे तसे नाही. माथेरानला १९३८ मध्ये जन्मलेले कर्नाड विशीत असताना हे नाटक लिहीत होते. आपल्या कृतीची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी, हा अस्तित्ववादी विचार त्या पिढीपुढे होता. म्हणून त्यांच्या नाटकात मूळ कथेला नसलेला प्रश्न येतो : पुरूने तारुण्य दिले, पण त्याच्या नवविवाहित पत्नीचे काय? चित्रलेखा हे पात्र त्यांनी निर्माण केले. ती सासऱ्याला जाब विचारते आणि अखेरीस प्राण देते. तेव्हा कुठे ययातीला आपण काय केले याचे भान येते. पुरूचा जो त्याग शतकानुशतके पितृभक्तीचा आदर्श म्हणून गायिला गेला, त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली, हे या नाटकाने दाखविले.

खांडेकरांनी विचारले, ‘माणसाने किती भोगावे?’ कर्नाडांनी विचारले, ‘माझ्या भोगाचे मोल कोण चुकवतो?’ प्रश्न बदलला की पात्रे बदलतात. अपरिग्रहाचा विचार करणाऱ्या आपल्या समाजाला हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. मी किती साठवावे हा एक प्रश्न झाला. माझ्या साठवणुकीमुळे कोणाच्या ताटातले कमी झाले, हा दुसरा.

लहान कृतींतील तत्त्वज्ञान

मोठ्या कथांनंतर एका साध्या पुस्तकाकडे येऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत लिहिण्यास घेऊन बव्हंशी पूर्ण केली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत एकही शास्त्रचर्चा नाही. आहे ते घर, अंगण, स्वयंपाक, शेजार आणि गरिबी.

श्याम अधिक फुले मिळावीत म्हणून झाडावरच्या कळ्या आधीच तोडून आणतो. आई त्याला समजावते की उमलण्यापूर्वीच कळी खुडू नये. एके दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात आणि मुलेही त्यांच्यासारखीच जेवतात. आईला स्वतः जेवायला बसल्यावर ते कळते. या प्रसंगांत अहिंसा हा शब्द येण्याची गरज नाही. कळीला दुखवू नये आणि रांधणाऱ्याचे मनही दुखवू नये, हे वाचकाला आपोआप समजते. जिभेवरचा संयम आणि वाणीवरचा संयम एकाच घासात दिसतो. पर्युषणात आपण रसत्यागाविषयी ऐकतो. येथे एका कोकणातल्या गरीब घरात त्याचे दर्शन घडते.

आणखी एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो. एका वृद्ध महार स्त्रीला लाकडांची मोळी डोक्यावर चढवता येत नाही. आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, आणि घरी आल्यावर स्नान कर, असेही सांगते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्यांचे स्वतःचे मत आईच्या पुढे कितीतरी गेले होते. मनात आणले असते तर आईच्या तोंडून ते स्नानाचे वाक्य त्यांनी गाळले असते आणि तिला आपल्यासारखी सुधारक केली असती. त्यांनी तसे केले नाही. ज्या काळात, ज्या घरात ती वाढली, त्या मर्यादेतच त्यांनी तिला ठेवले आणि त्या मर्यादेतून तिची करुणा जेवढी पुढे सरकली तेवढीच दाखविली. म्हणून ती खरी वाटते, आणि तिने उचललेले ते अर्धे पाऊल पुढे पूर्ण करण्याची जबाबदारी मुलावर येते.

मत आणि माणूस

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. लेखकाचे तत्त्वज्ञान पात्रांना घडवते हे खरे. परंतु ते त्यांना गुदमरवूही शकते. पात्र जेव्हा केवळ लेखकाचा निरोप्या होते, तेव्हा त्याचा प्राण जातो. चांगला माणूस सतत चांगले बोलतो, वाईट माणूस सतत वाईट वागतो, आणि विरोधी मत मांडणारा हटकून मूर्ख असतो, अशा कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. त्या विचाराने कितीही शुद्ध असोत, मनात राहत नाहीत. कारण त्या एकान्तवादी असतात.

मराठीत याला उत्तर देणारा लेखक म्हणून मला वामन मल्हार जोशी आठवतात. १८८२ ते १९४३ हा त्यांचा काळ. ते तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखापायी त्यांनी तुरुंगवास सोसला, आणि १९३० च्या मडगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. असा माणूस कादंबरीतून आपली मते ठासून सांगेल, अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु ‘रागिणी’पासून ‘इंदु काळे व सरला भोळे’पर्यंत त्यांची पात्रे वाद घालतात, आणि वाचकाला प्रत्येकाचे थोडेथोडे पटत जाते. १९३४ ची ही दुसरी कादंबरी तर त्यांनी संपूर्ण पत्रांतून लिहिली. पत्र लिहिणारा प्रत्येक जण आपल्या जागेवरून प्रामाणिकपणे बोलतो. कला आणि नीती यांचे नाते काय, यावर तीत चर्चा आहे, परंतु वरून येऊन निकाल देणारा निवेदक नाही. त्यांच्या काळी काहींनी त्यांना संशयात्मा म्हटले. मला वाटते, कादंबरीच्या रचनेतच त्यांनी अनेकान्ताचे आचरण केले. दुसऱ्याच्या जागेवरून पाहिले असता त्याचेही म्हणणे काही अंशी सत्य असू शकते, असे मानणाऱ्यालाच जिवंत पात्र लिहिता येते.

अनेकान्त म्हणजे सगळेच सारखे बरोबर, असा त्याचा अर्थ मात्र नव्हे. विमलसूरींनी रावणाला समजून घेतले, पण सीतेचे हरण योग्य ठरविले नाही. खांडेकरांनी ययातीला स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडू दिली, पण त्याला निर्दोष सोडले नाही. आपले मत ठाम असावे आणि तरीही समोरच्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून पाहावे, ही साहित्याची कसोटी आहे. मला तर ती धर्माचरणाचीही कसोटी वाटते.

आपण काय करावे

शेवटी दोन विनंत्या करून मी माझे बोलणे संपवितो.

पहिली विनंती वाचनाविषयी. मुलांच्या हाती पुस्तक देताना ‘हा लेखक आपला आहे का?’ एवढेच विचारू नये. ‘पउमचरिय’ची कथा घराघरांत सांगितली जावी, ती आपली मोठी ठेव आहे. तिच्या शेजारी वाल्मीकींची कथाही असावी, खांडेकर असावेत, साने गुरुजी असावेत. मुलांनी विचारावे की या कथेत वाली मेला आणि त्या कथेत त्याने दीक्षा घेतली, असे का? श्रेणिक राजाने शंका विचारली म्हणून तर कथा सांगितली गेली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प केले, तर गौतम गणधरांपर्यंत पोहोचणार कोण?

दुसरी विनंती स्मरणिकेविषयी आणि संस्थेच्या इतिहासाविषयी. सुवर्णमहोत्सवात आपणही लेखक होतो. कार्यकर्ते, दाते, पूर्वज ही आपली पात्रे होतात. त्यांच्याविषयी आपण काय लिहितो आणि काय वगळतो, यातून आपले खरे दर्शन प्रकट होते. दानाच्या आकड्याने माणसाची उंची मोजली, तर आपले तत्त्वज्ञान परिग्रहाचे आहे, असेच पुढची पिढी वाचील. ज्या भगिनींनी वर्षानुवर्षे आयंबिलाची रसोई सांभाळली, ज्यांनी साधू-साध्वींच्या विहारात रस्त्याने सोबत केली, ज्या माणसाने मतभेद असतानाही सभेत शांतपणे विरोध नोंदविला आणि निर्णय झाल्यावर त्याच कामाला हातभार लावला, अशांना पानांत जागा मिळाली पाहिजे. जुन्नरच्या लेण्यांत राजांबरोबर धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणीही दोन हजार वर्षे टिकून राहिली, कारण कोणीतरी तिची नोंद दगडावर केली.

आणि थोरांविषयी लिहिताना त्यांना दोषरहित करू नये. श्यामच्या आईची मर्यादा लेखकाने लपविली नाही, म्हणूनच तिचे प्रेम आपल्याला खरे वाटले. रावणातील चांगुलपणा कवीने झाकला नाही, म्हणूनच त्याच्या मानाची भीती वाटते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कष्टांबरोबर त्यांचे वाद, त्यांची अडखळलेली पावले आणि त्यानंतरची क्षमापना हेही लिहून ठेवावे. ज्या समाजात दरवर्षी परस्परांची क्षमा मागण्याची परंपरा आहे, त्याला आपला इतिहास खरा लिहिण्याचे भय असण्याचे कारण नाही.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देतो. 

जय जिनेंद्र.